न मागितलेलं कर्ज दारातूनच परत पाठवा

चाकणहून निगडीकडे निघालेली कंपनीची बस. फर्स्ट शिफ्ट सुटलेली, चाळीस माणसं बसल्या जागी पेंगलेली, गाडी तळवड्याच्या गर्दीत अडकलेली. एवढ्यात कुणाचा तरी फोन वाजतो. "सर, तुमच्या नावावर दीड लाखाचं लिमिट मंजूर झालंय, लाइफटाइम फ्री कार्ड आहे." तो वैतागून फोन ठेवतो. दोन मिनिटांनी मागच्या सीटवर दुसऱ्याचा वाजतो. नंबर तोच, आवाज तोच, लिमिटही तेच.

त्या बसमधल्या चाळीसही जणांकडे माझं मागणं आहे. फोन नुसता ठेवू नका, तो नंबर टिपून घ्या. साध्या मोबाइल नंबरावरून असे धंद्याचे कॉल करणाऱ्याविरुद्ध दहा दिवसांत पाच जणांच्या तक्रारी गेल्या, की मोबाइल कंपनीला त्याच्यावर कारवाई करावी लागते. पाच जणांच्या! आपल्या एका बसमध्ये असे पाच-पाच जणांचे आठ गट बसतात.

दूरसंचार नियामक प्राधिकरणानं, म्हणजे ट्रायनं, १२ फेब्रुवारी २०२५ रोजी हा नियम बदलला. त्याआधी सात दिवसांत दहा तक्रारी लागायच्या. तक्रार करायला पूर्वी तीन दिवस मिळत, आता सात मिळतात. नोंदणी न करता कॉल करणाऱ्यावर कारवाईसाठी कंपनीला तीस दिवस होते, त्याचे पाच झाले. दोष सिद्ध झाला तर पहिल्या खेपेला त्याचं आउटगोइंग पंधरा दिवस बंद, आणि पुन्हा तेच केलं तर सगळी कनेक्शन्स वर्षभरासाठी तोडायची. अशा नंबराविरुद्ध तक्रार करायला स्वतःची डीएनडी (जाहिरातीचे कॉल नकोत अशी) नोंदणी असलीच पाहिजे, ही अटही उरलेली नाही. करायचं एवढंच: कॉल कशाबद्दल होता, कोणत्या नंबरावरून आला आणि कोणत्या तारखेला आला, हे लिहून १९०९ या क्रमांकावर मेसेज पाठवायचा. ट्रायचं डीएनडी ॲप असेल तर त्यातूनही होतं. चहा निवेपर्यंत काम संपतं.

मग आपण करत का नाही? मी स्वतः का केलं नव्हतं, ते सांगतो.

मोशीच्या आमच्या घरी एक दिवस कुरिअरवाला आला. धाकटा भाऊ सेकंड शिफ्टला गेलेला. आईला वाटलं, त्याच्या कंपनीचा काहीतरी कागद असेल. तिनं सही करून पाकीट घेतलं आणि देवाजवळच्या फळीवर ठेवून दिलं. आत क्रेडिट कार्ड होतं. भावानं ते मागितलं नव्हतं. महिनाभर आधी एका फोनला "बघू, विचार करून सांगतो" एवढंच तो म्हणाला होता. ते कार्ड पाकिटातून बाहेरही आलं नाही आणि दोन महिन्यांनी वार्षिक शुल्काचं बिल आलं, जीएसटी धरून सहाशेच्या आसपास. त्यानं चार वेळा फोन केले, दोनदा रजा टाकून शाखेत गेला. शेवटी तिथल्या साहेबांनी "ठीक आहे, माफ करतो" म्हटलं. आम्ही त्यांचे आभार मानून घरी आलो.

आभार मानायचं काहीच कारण नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं. रिझर्व्ह बँकेनं २१ एप्रिल २०२२ रोजी कार्डांविषयी सविस्तर निर्देश काढले आणि त्या वर्षीच्या १ जुलैपासून ते लागू झाले. त्यात लिहिलेलं होतं की न मागता कार्ड पाठवायला सक्त मनाई आहे. ग्राहकाच्या स्पष्ट संमतीशिवाय कार्ड दिलं, सुरू केलं किंवा वरच्या दर्जाचं करून दिलं आणि त्याचं बिल लावलं, तर ते शुल्क तर परत द्यायचंच, शिवाय त्याच्या दुप्पट रक्कम दंड म्हणून ग्राहकाला द्यायची, कुरकुर न करता. माझ्या भावाला सहाशेची माफी नको होती, बाराशे रुपये त्याच्या हक्काचे होते. त्याच्या दोन दिवसांच्या बुडालेल्या रजेचा आणि मनस्तापाचा हिशेबही रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे मागता आला असता. आम्ही मागितला नाही, कारण असा नियम आहे हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. ज्यांनी सांगायचं त्यांना सांगण्यात फायदा नव्हता. म्हणून आता आपणच एकमेकांना सांगू या.

रिझर्व्ह बँकेच्या या नियमांत आणखी बरंच आहे आणि ते प्रत्येक कामगाराला तोंडपाठ असलं पाहिजे. आलेलं कार्ड तीस दिवसांत सुरू केलं नाही, तर ते सुरू करण्यासाठी बँकेनं ओटीपी मागून तुमची संमती घ्यायची. ती तुम्ही दिली नाहीत, तर सात कामाच्या दिवसांत बँकेनं ते खातं विनाखर्च बंद करायचं. स्वतः घेतलेलं कार्डसुद्धा, त्यावर बाकी नसेल तर, बंद करायचा अर्ज दिल्यापासून सात कामाच्या दिवसांत बंद झालं पाहिजे. नाही झालं तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे पाचशे रुपये बँकेनं तुम्हाला द्यायचे. कार्ड विकणाऱ्यांनी सकाळी दहाच्या आधी आणि संध्याकाळी सातच्या नंतर फोन करायचा नाही. नाइट शिफ्ट करून सकाळी नऊला डोळा लागलेल्या माणसाला जो उठवतो, तो नियम मोडतो. अटी साध्या भाषेत द्यायच्या, शक्यतो इंग्रजी, हिंदी आणि स्थानिक भाषेत. म्हणून "मराठीत द्या" म्हणताना आवाज खाली घेऊ नका.

न मागितलेलं कार्ड ही आजची गोष्ट नाही. सप्टेंबर १९५८ मध्ये अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो नावाच्या गावात, बँक ऑफ अमेरिकेनं साठ हजार कार्डं टपालानं लोकांच्या घरी टाकली. कुणी अर्ज केला नव्हता, कुणी सही केली नव्हती. पाकीट फोडलं की आत उधारी तयार. पुढे बुडीत रकमा वाढल्या, चोऱ्या झाल्या, लोकांचा आवाज चढला आणि १९७० मध्ये न मागता कार्ड पाठवायला तिथं कायद्यानं बंदी आली. आज तिथल्या नागरिकाला पतमाहिती कंपन्यांकडे नोंद करून आपलं नाव अशा ऑफरच्या याद्यांतून पाच वर्षांसाठी किंवा कायमचं काढून घेता येतं. एकाच खिडकीत काम होतं. आपल्याकडे तशी एक खिडकी अजून नाही, आणि ती मागितली पाहिजे. आपल्या चाकणच्या ज्या पट्ट्यात देशाच्या गाड्या आणि दुचाक्या बनतात, त्या पट्ट्यानं ही मागणी पुढे का न्यावी? कारण दर महिन्याच्या ठरावीक तारखेला इतक्या माणसांच्या खात्यात पगार जमा होणारी ठिकाणं महाराष्ट्रात मोजकीच आहेत, आणि कार्ड विकणाऱ्यांना हे आपल्याआधी कळलं.

कार्ड मुळातच वाईट असं मी म्हणत नाही. बिलाची सगळी रक्कम तारखेच्या आत भरणाऱ्या माणसाच्या ते उपयोगी पडतं. पण गेटवरच्या टेबलापाशी त्या कार्डाची दुसरी बाजू कुणी मांडत नाही. समजा, ऑपरेटर म्हणून काम करणाऱ्या पोरानं बहिणीच्या लग्नात कार्डावर पन्नास हजार खर्च केले आणि बिल आल्यावर फक्त मिनिमम ड्यू भरलं. महिन्याला साडेतीन टक्के व्याज धरलं, म्हणजे वर्षाला बेचाळीस, तर एका महिन्याचं व्याज साडेसतराशे. त्यावर अठरा टक्के जीएसटी, तीनशे पंधरा. झाले दोन हजार पासष्ट, आणि यात मुद्दलाचा एक रुपयाही फिटलेला नाही. ठेकेदाराकडून त्याच्या हातात अठरा हजार पडत असतील, तर महिन्यातले जवळजवळ तीन दिवस तो मशिनवर फक्त व्याजासाठी उभा राहिला. राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २००८ मध्ये तीस टक्क्यांच्या वरचं कार्डाचं व्याज अनुचित ठरवलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं २० डिसेंबर २०२४ रोजी तो आदेश रद्द केला. त्यामुळे आयोगानं घातलेलं तीस टक्क्यांचं कुंपणही आज उभं नाही. जे काही अडवायचं ते आपल्या उंबऱ्यावरच अडवावं लागेल.

आणि कर्ज उंबऱ्यावर अडवणं ही या मातीला नवी गोष्ट थोडीच आहे? तळवड्याच्या शेडमधून बाहेर पडलं की देहू हाकेच्या अंतरावर. तुकोबांच्या घरी महाजनकी होती. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात माणसं अन्नावाचून गेली, तुकोबांचं स्वतःचं घर उद्ध्वस्त झालं. तेव्हा लोकांच्या कर्जाचे कागद त्यांनी इंद्रायणीत बुडवले, असं परंपरा सांगते. भावाच्या वाट्याचे कागद भावाला दिले, आपल्या वाट्याचे पाण्यात सोडले. सावकाराच्या घरात जन्मलेल्या माणसानं हे केलं. त्याच नदीच्या दोन्ही काठांवर आज आपल्या रूम आहेत, आपल्या मेस आहेत, आणि प्रत्येक खिशात एक यंत्र आहे ज्यातून दिवसाला चार वेळा कुणीतरी कर्ज घे म्हणून विनवतं.

याच पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारात १२ मे १८७५ रोजी शेतकरी सावकारांच्या पेढ्यांवर चालून गेले. त्यांना हवे होते कर्जरोखे. आपण कशावर अंगठा उठवला हे त्यांना ठाऊक नव्हतं, कागदावरची रक्कम फुगत गेलेली होती, आणि तो कागद जाळण्याशिवाय त्यांना दुसरी वाट दिसली नाही. त्यातून इंग्रज सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. अनेकांनी तुरुंग भोगला, तेव्हा कुठे तो कायदा आला. आपल्याला काहीही जाळायचं नाही. आपल्यासाठी नियम आधीच लिहून ठेवलेला आहे, फक्त आपण त्याला हात लावलेला नाही. दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या माणसांना एक साधा मेसेज पाठवून सावकाराची पेढी बंद पाडता आली असती, तर ती सबंध मावळ-भीमथडी एका रात्रीत जागी झाली असती!

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. गेटसमोर कॅनोपी लावून उन्हात उभा असलेला पोरगा आपला शत्रू नाही. तो लातूरचा, बीडचा, नाहीतर आपल्याच शेजारच्या आळीतला. त्यालाही टार्गेट आहे आणि महिनाअखेरीला त्याचाही पगार अडकतो. फोनवरच्या मुलीला शिवी देऊन आपण काही कमावत नाही. तिला शांतपणे सांगा, "ताई, मला नको आहे. तुमचा नंबर मी तक्रारीत देतोय." जो वरून तिला न नोंदवलेल्या नंबरावरून फोन करायला लावतो, त्याच्यापर्यंत ही तक्रार पोचली पाहिजे. नोंदणी करून जाहिरात करणाऱ्यांसाठी १४० पासून सुरू होणारे नंबर ठरवून दिलेले आहेत, आणि बँकांच्या सेवेच्या कॉलसाठी १६०० ची मालिका. रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०२५ मध्ये बँकांना हे पाळायला सांगितलं. म्हणून बँकेचं नाव घेऊन साध्या दहा आकडी मोबाइलवरून कार्ड विकणारा कॉल आला की तिथंच कान टवकारा.

आता आपल्याकडच्या फटी. आपला नंबर आपणच किती ठिकाणी वाटतो बघा. मॉलमधल्या लकी ड्रॉच्या कुपनावर, गाडीच्या शोरूममध्ये, नोकरी लावून देणाऱ्या एजंटच्या वहीत, झेरॉक्सच्या दुकानातल्या व्हॉट्सॲपवर. तिथं आधार आणि पॅन दोन्ही पाठवून आपण निघून येतो आणि फाइल तशीच पडून राहते. ठेकेदाराकडे भरती होताना तर कागदांचा अख्खा संच जातो. जिथं पूर्ण आधार क्रमांक लागत नाही तिथं मास्क केलेलं आधार द्या, ज्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. झेरॉक्सवर आडवी रेघ मारून कशासाठी दिली ते आणि तारीख लिहा. दुकानदारासमोर उभं राहून फाइल पुसायला लावा. त्यात लाजण्यासारखं काही नाही. घराची किल्ली परत मागताना आपण लाजतो का?

वर्षातून एकदा आपला पतअहवाल पाहायला शिका. सिबिलसकट चार पतमाहिती कंपन्या आहेत आणि प्रत्येकीनं वर्षातून एक पूर्ण अहवाल फुकट द्यायचा आहे. तुमच्या नावावर कुणी न विचारता कार्ड किंवा कर्ज काढलं असेल तर ते तिथं दिसतं. चूक कळवल्यावर तीस दिवसांत दुरुस्त झाली नाही, तर दिवसाला शंभर रुपये भरपाईचा नियम एप्रिल २०२४ पासून आहे. आणि जो कुणी "कार्ड बंद करायचंय ना, मग आलेला ओटीपी सांगा" म्हणेल, त्याला ओटीपी देऊ नका. तो कार्ड बंद करणारा नाही, खातं रिकामं करणारा आहे. पैसे गेले तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या क्रमांकावर फोन. संशयास्पद कॉल असेल तर सरकारच्या 'संचार साथी' पोर्टलवरच्या 'चक्षू' सुविधेवर नोंद.

पण हे एकट्यादुकट्यानं करायचं काम नाही, आणि इथं मला युनियनच्या पदाधिकाऱ्यांशी बोलायचं आहे. दादा, तुम्ही गेट मीटिंगमध्ये बोनसवर बोलता, कॅन्टीनवर बोलता, बस वेळेवर येत नाही म्हणून बोलता. बोनस आला की तो कुठं जातो यावर एकदा बोला. पेमेंटच्या आठवड्यात आवारात कार्ड विकणाऱ्यांचं टेबल लावायला परवानगी कोण देतं, ते व्यवस्थापनाला विचारा. कामगारांचे नंबर कंपनीबाहेर कुणालाही द्यायचे नाहीत, हे पुढच्या करारात लिहून घ्या. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ चा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि त्यातली मोठी बंधनं टप्प्याटप्प्यानं लागू होत आहेत. संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणंही सोपं असलं पाहिजे, असं तो कायदा म्हणतो. ज्याला खरोखर नड आहे त्याला कामगार पतसंस्थेत बसून, हप्ता आणि व्याज समजून घेऊन कर्ज मिळालं पाहिजे. तिथं मागणारा आधी बोलतो, देणारा नंतर. हा क्रम मला मोलाचा वाटतो.

बचत गटाच्या ताईंनो, कुरिअर घरी येतं तेव्हा दारात तुम्ही असता. पाकिटावर बँकेचं नाव असेल आणि घरात कुणी काही मागवलेलं नसेल तर सही करू नका. टपालानं आलं तर "घेण्यास नकार" असं लिहून पोस्टमनकडे परत द्या. तुम्हाला तो हक्क आहे. आमच्या आईला हे कुणी सांगितलं असतं, तर आमच्या घरातल्या दोन रजा वाचल्या असत्या.

चुकून घेतलंच, तर पुढचा मजकूर तसाच उतरवून बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी किंवा ईमेलनं पाठवा:

"मी मागणी केलेली नसताना माझ्या नावानं क्रेडिट कार्ड पाठवण्यात आलं आहे. मी ते सुरू केलेलं नाही आणि कोणतीही संमती दिलेली नाही. हे खातं बंद करून तसं लेखी कळवावं. आकारलेलं शुल्क परत करावं आणि रिझर्व्ह बँकेच्या क्रेडिट कार्डांविषयीच्या निर्देशांनुसार त्याच्या दुप्पट दंडाची रक्कम माझ्या खात्यात जमा करावी. माझा मोबाइल क्रमांक आणि पत्ता आपल्या जाहिरातीच्या यादीतून काढून टाकावा."

तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं. फी नाही, वकील नाही. १४४४८ या क्रमांकावर फोन केला की कशी तक्रार करायची ते सांगतात.

हे पत्र येत्या पेमेंटच्या दिवशी टाइम ऑफिसशेजारच्या फलकावर लावा, मेसमध्ये लावा, आपल्या मंडळाच्या आणि सोसायटीच्या बोर्डावर लावा. त्याच्या खाली एक कोरा कागद टाचा आणि दोरीला बांधून एक पेन लटकवा. ज्याला कॉल येईल त्यानं आधी १९०९ ला तक्रार पाठवायची, मग तो नंबर आणि तारीख कागदावर लिहायची. नंबर आधीच कुणी लिहिलेला असेल तर त्याच्यापुढे एक रेघ मारायची. सेकंड शिफ्टवाल्यांनी आल्या आल्या तो कागद वाचायचा, आणि त्यातला नंबर आपल्या फोनमध्ये सापडला की गेट ओलांडायच्या आत पुढची रेघ मारायची.